दोऱ्याचं शेपूट

हेमावतीबाईंच्या पिशवीत औषधं कमी आणि दोरा जास्त असायचा. आमच्या आरोग्य केंद्रात त्या नर्सबाई आणि मी कंपाउंडर. मी कुर्डुवाडीचा, रेल्वे कारखान्यातल्या फिटरचा मुलगा. आमच्या घरी सगळं लोखंडी पट्टीनं मोजायचं आणि बापाचा पारा चढला की तीच पट्टी आमच्या पाठीची रुंदी काढायची. बाई सोलापूरच्या पूर्व भागातल्या विणकराची लेक. त्यांच्या घरी तेलुगू बोलणं, दिवसभर मागाचा खटखटाट आणि चहूकडं सूत. गरोदर बाईचं पोट त्या दोऱ्यानं मोजत, जखम दोऱ्यानं मोजत, केंद्राच्या खिडकीला पडदा लावायचा ठरला तर खिडकीही दोऱ्यानंच मोजली. सरकारनं टेप दिलाय, असं मी म्हटलं तर म्हणाल्या, टेपला गाठ मारता येत नाही. यावर माणसानं काय बोलावं.

बाईंचं लग्न लवकर झालं होतं. नवरा यंत्रमागावर काम बघायला भिवंडीला गेला आणि तिकडचाच झाला. सासरची माणसं म्हणायची, येईल हळूहळू. बाईंनी बरीच वाट बघितली, मग वाट बघणं सोडलं आणि नर्सिंगचं शिक्षण घेतलं. याबद्दल आमच्यासमोर त्या कधी रडल्या नाहीत. मात्र ‘हळूहळू होईल’ हे शब्द कानावर पडले की त्यांचं डोकं फिरायचं. हळूहळू म्हणजे किती, आणि होतंय हे दिसणार कशावरून, असं त्या समोरच्याला विचारायच्या. रोग्यालाही विचारायच्या आणि डॉक्टरलाही. आमच्या डॉक्टरांना हे विचारणं आवडायचं, म्हणून बरं.

डॉक्टर म्हणजे गुरुबसप्पा, अक्कलकोटकडचे. मराठी बोलता बोलता मध्येच कानडीत विचार करायचे आणि बाईंना अक्का म्हणायचे. वयानं लहान, पण घाईनं बोलणारे नव्हेत. त्यांच्यापुढं बसलेला रोगी खोकून खोकून बेजार असला तरी ‘बरं हाय’ म्हणायचा. डॉक्टरला नाही म्हटलं तर त्याच्या हाताचं यश जातं, अशी आपल्याकडची रीत. डॉक्टर हसून छातीला नळी लावायचे. रोगी तोंडानं बरा असतो, छातीनं नसतो, असं ते मला सांगायचे.

बहात्तरच्या दुष्काळानं सांगोल्याकडचा माळ खरवडून काढला होता. आमच्या हद्दीत तिथं एक धनगरवाडी होती. मेंढरं निम्मी मेली, निम्मी मातीमोल विकली गेली आणि माणसं खडी फोडायला गेली. दुष्काळ सरला, पाऊस झाला, पण वाडीतली पोरं काही वर आली नाहीत. हातापायाच्या काड्या, पोटाचा नगारा. मुंबईच्या एका संस्थेनं या पोरांसाठी सुकडी द्यायचं कबूल केलं. धान्याचं भाजकं पीठ, गूळ आणि तेल. रोज सकाळी वाडीतल्या लिंबाखाली पोरांनी बसून खायची. घरी न्यायची नाही, कारण घरी नेली की ती म्हाताऱ्या सासऱ्याच्याही पोटात जायची. बाईंनी ही सुकडी अंगावर घेतली. आठवड्यातून दोन खेपा त्या वाडीला जायच्या आणि जीप नसली तर चालत जायच्या.

पाऊस ओसरता ओसरता संस्थेच्या एक ताई बघायला आल्या. चांगली बाई होती, उन्हातान्हात झोपडी झोपडी हिंडली. प्रत्येक आईला तिनं एकच विचारलं, बाळ सुधारलं का? आणि एकूण एक आईनं तोंड वाकडं करून सांगितलं, कुटलं सुदारतंय, वाळूनच चाललंय. सुकडी खाऊन हात चाटणारी पोरं समोर बसलेली, आणि आया म्हणताहेत वाळतंय. ताईंनी डॉक्टरांना सरळ सांगितलं की माल थोडा आहे आणि दुसरं एक गाव वाट बघतंय. दिवाळीनंतर त्या पुन्हा येणार होत्या. तेव्हाही फरक दिसला नाही तर सुकडी त्या गावाला जाणार होती. यात त्यांची काय चूक म्हणा, मीही त्यांच्या जागी असतो तर हेच केलं असतं.

त्या दिवशी बाई जीपमध्ये दोऱ्याला गाठी मारत आणि सोडत बसल्या. मी मात्र मनात हसत होतो, कारण मला हे घरचं होतं. लेकराचं बरं झालेलं तोंडानं म्हणायचं नाही, दृष्ट लागते. मी लहानपणी चांगला ढोलासारखा होतो, पण माझी आई शेजारणींना सांगायची, आमचं पोर खात नाही हो. बाईंनाही हे ठाऊक होतंच. पण ठाऊक असणं वेगळं आणि त्यापायी सुकडी जाणं वेगळं. दुसऱ्याच दिवशी त्या वाडीला परत गेल्या आणि मलाही ओढून नेलं.

त्या गेल्या मायाक्काकडं. मायाक्काचा बिरू सुकडीच्या पहिल्या दिवशी लिंबाला टेकवून बसवावा लागला होता, त्याला मान धरवत नव्हती. आता तो आमच्यासमोर कोंबडीमागं धावत होता. बाईंनी त्याच्याकडं बोट केलं आणि मायाक्काला विचारलं, हे वाळलेलं पोर आहे का. एवढं खोटं बोललीस तर उद्या ह्याच्या तोंडातला घास जाईल. बाईंचा आवाज चढला होता. मायाक्का चुलीपुढून उठली नाही. लाकूड आत सारत हळूच बोलली.

"ह्याच्या आदी माजा श्रीमंत व्हता. लई बाळसं धरलं व्हतं त्यानं. मीच म्हणलं बायांत, बगा की माजा श्रीमंत कसा गोल झालाय. आठवड्यात गेला. आता मी तोंड उगडायची न्हाय बाई. सुकडी गेली तर जाऊ द्या."

बाई खाली बसल्या. मलाही माझं हसू आठवून लाज वाटली. बाजूला मायाक्काची सासू अंबुबाई बसली होती, वाडीतली सगळ्यात जुनी. तिनं तर आणखी एक सांगितलं. बरं झालं म्हटलं की सरकार वाटप थांबवतं, हे सगळ्या वाडीनं दुष्काळाच्या कामावर बघितलं होतं. म्हणजे या आया सुकडी टिकावी म्हणून पोरं वाळलीत म्हणत होत्या, आणि नेमकी त्यामुळंच सुकडी चालली होती. करायला गेले गणपती आणि झालं माकड, ते असं.

डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, मग आयांना विचारायलाच नको, वजन करू. केंद्रात काटा होता, वर टांगायचा आणि खाली झोळी. लिंबाच्या फांदीला तो टांगला मात्र, बायांनी पोरं पदराखाली घेतली आणि वाट धरली. धनगराच्या घरी जितराब नजरेनं पारखतात, काट्याला लावत नाहीत. काट्याला लागतं ते कापलेलं बकरं. अंबुबाई एवढंच म्हणाली की लेकरू काय खाटकाला द्यायचंय व्हय. डॉक्टरांनी मुकाट्यानं काटा उतरवला. जीपमध्ये मला म्हणाले, तसाही उपयोग थोडाच होता. अमक्या वयाला अमकं वजन असं कोष्टक असतं आणि इथं वय कुणाला माहीत. पोर कधीचं विचारलं तर उत्तर येतं, दुष्काळाच्या आदल्या बेंदराच्या सणाला रांगत होतं.

आता आली पंचाईत. आईचं तोंड चालत नाही, काटा चालत नाही, वय नाही. दिवाळीला दीड महिना उरला होता.

अशात एके दिवशी वाडीत मायाक्काच बिरूला घेऊन बाईंपुढं आली. त्याच्या दंडाला काळ्या मेंढीच्या लोकरीचा दोरा होता. वाडीतल्या प्रत्येक पोराला असतो, दृष्ट लागू नये म्हणून. तो आता कातडीत रुतत होता आणि पोर रडत होतं. मायाक्का म्हणाली, एवढा तोडून द्या, दुसरा बांधते. बाईंनी कात्रीनं दोरा तोडला आणि तुटलेला दोरा पुन्हा दंडाभोवती धरून बघितला. टोकं एकमेकांना पोचेनात. बाई तशाच उठल्या आणि जीपकडं पळत आल्या. चप्पल मागं राहिली होती. मी त्यांना पळताना प्रथमच पाहिलं.

"डॉक्टर, आई तोंडानं न्हाय म्हणती, पण दोरा व्हय म्हणतोय."

डॉक्टरांचे डोळे चमकले. मग त्यांनी दोरा बोटात धरला, चोळला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"अक्का, लोकर भिजली की आटते ना?"

बाईंनी दोरा पिशवीत टाकला. केंद्रात येऊन त्यांनी तसाच एक ताजा दोरा माझ्या पेल्यात गरम पाण्यात घातला, साबणानं चोळला आणि वाळवला. चांगला बोटभर आटला. आता पोर जाड झालं म्हणून दोरा रुतला की आंघोळीनं आटला म्हणून रुतला, कसं कळणार. जन्म सुतात गेला आणि हे आपल्याला सुचू नये, याचं बाईंना फार वाईट वाटलं. त्या पेल्यात मी पुन्हा चहा पिऊ शकलो नाही ते निराळंच.

पण डॉक्टर म्हणाले, लोकर सोडा, दंड सोडू नका. त्यांनी आम्हाला नीट समजावून सांगितलं. पोर एक वर्षाचं झालं की पुढं पाच वर्षांचं होईपर्यंत त्याच्या दंडाचा घेर फारसा बदलत नाही. उंची वाढते, पाय लांबतात, दंड जवळजवळ तेवढाच. म्हणजे इथं वय नाही कळलं तरी चालतं. आणि वाळलेल्या पोराचा दंड थोड्या दिवसांत भरला तर तो वाढीनं नव्हे, अन्नानं भरलाय. बाईंनी विचारलं, मग आटणार नाही असा दोरा पाहिजे, एवढंच ना? आणि त्याच दुपारच्या एस.टी.नं सोलापूरला माहेरी गेल्या.

परत आल्या त्या काळ्या सुताची लडी घेऊन. त्यांच्या वडिलांनी सूत आधी उकळून, जेवढं आटायचं तेवढं आटवून, मग पीळ देऊन रंगवलं होतं. आम्ही ते भिजवलं, चोळलं, वाळवलं, पण एवढंसंही कमी झालं नाही. मग माझ्या बापाची लोखंडी पट्टी कामाला आली. सगळे दोरे तिच्यावर एकाच मापाचे कापले. बेत सोपा होता. दोरा दंडाभोवती नुसता टेकवून गाठ मारायची आणि उरलेलं टोक लोंबत ठेवायचं. आम्ही त्याला शेपूट म्हणू लागलो. पोर वाळलेलं असेल तर शेपूट लांब. दंड भरला की गाठ सोडून पुन्हा बांधायची, शेपूट आखूड होणार. वाचता येत नसलेल्या माणसालाही ते बघता येणार होतं.

यातही माझ्यामुळं घोळ झालाच. डॉक्टरांनी एकाच पोराला आधी बाईंना दोरा बांधायला लावला, मग मला. माझं शेपूट चांगलं लांब निघालं. मी रेल्वेवाल्याचा मुलगा, बोल्ट आवळल्यासारखा दोरा आवळला होता आणि पोरानं वाडी डोक्यावर घेतली होती. डॉक्टर म्हणाले, दोघांच्या हाताला एकच माप येत नाही तोवर हे माप नव्हे. मग ठरलं की दोरा कातडीला टेकला पाहिजे, कातडी दबली नाही पाहिजे. माझा हात हलका होईपर्यंत बाईंनी मला स्वतःच्या मनगटावर सराव करायला लावला. शेवटी आमची दोघांची शेपटं जुळली, पण तोवर वाडीतली पोरं मला बघून पळू लागली होती.

अंबुबाईनं मात्र नवा दोरा बाजूला सारला. सुताला दृष्ट भेत नाही, असं तिचं म्हणणं. बाईंनी वाद घातला नाही. तुमची लोकर उजव्या दंडाला राहू दे आणि माझं सूत डाव्या, असं त्या म्हणाल्या. म्हातारीनं थोडा विचार केला, बिरोबाच्या देवळातला भंडारा आणला आणि सुताच्या लडीलाही लावला. एकदा तिनं स्वतःच्या नातवाला बांधू दिल्यावर मग कुणी आढेवेढे घेतले नाहीत. कुणाच्या तोंडून लेकराचं बरं झालं म्हणून काढून घ्यायचं नव्हतं आणि काट्याला काही टांगायचं नव्हतं.

दर खेपेला बाई गाठी सोडायच्या आणि पुन्हा बांधायच्या. बहुतेकांची शेपटं आखडत गेली. बिरूचं तर बघता बघता उंदराच्या पिल्लाच्या शेपटीएवढं उरलं. मायाक्का दर खेपेला विचारल्यावर तेच म्हणायची, वाळलाय. पण गाठ बांधताना तिची नजर शेपटावर असायची, हे मी पाहिलं होतं.

एका पोरीचं मात्र उलटं झालं. बजा तिचं नाव, तानाबाईची मुलगी. गाल फुगलेले, पाय भरलेले. आम्हाला ती वाडीतली सगळ्यात गुबगुबीत पोर वाटायची आणि तानाबाई वाळली वाळली म्हणायची तेव्हा आम्ही मान डोलवून पुढं जायचो. एके दिवशी बाईंनी तिची गाठ बांधली आणि शेपूट मागच्यापेक्षा लांब आलं. त्यांनी मला बांधायला लावलं, तेवढंच लांब. डॉक्टरांनी बजाच्या पायावर अंगठा दाबला तर तिथं खड्डा पडून राहिला. अंगावर सूज होती आणि आतून पोर सरत चाललं होतं. काट्यावर ती उलट वजनदार भरली असती. डॉक्टरांनी तिला त्याच जीपमधून सोलापूरच्या मोठ्या दवाखान्यात धाडलं. वाटेत तानाबाई म्हणाली, मी सांगत होते की बाई. ती खरंच सांगत होती. सगळ्याच एकच शब्द म्हणत होत्या म्हणून तिचा खरा शब्द कुणाला ऐकू आला नव्हता. बाई त्या रस्त्यानं तानाबाईचा हात धरून बसल्या होत्या आणि त्यांच्या डोळ्यांना धार लागली होती. बजा पुढं बरी होऊन आली, हे आधीच सांगून टाकतो, उगीच कुणाच्या जिवाला घोर नको.

दिवाळी झाली आणि ताई आल्या. मला वाटलं होतं बाई आता चांगली पोरं पुढं बसवतील आणि बाकीची जरा मागं. मी तसं सुचवलंही. बाईंनी माझ्याकडं असं बघितलं की मी सुकडीच्या पोत्याची सुतळी सोडवायला लागलो. सगळी पोरं लिंबाखाली बसवली होती, ज्यांचं शेपूट हललं नव्हतं तीसुद्धा. डॉक्टरांनी आधी तीच दाखवली. ही नुसत्या सुकडीनं सुधारत नाहीत, यांना दुसरं काही झालंय का ते शोधतोय, असं स्पष्ट सांगितलं. मग बजाची गोष्ट सांगितली आणि मग बाकीची पोरं.

ताई हुशार होत्या. त्यांनी विचारलं की प्रत्येक वेळी गाठ सैल बांधत गेलं तर शेपूट आखूड होईलच, नाही का. मला राग आला, बाईंना नाही आला. बाईंनी नवा दोरा ताईंच्या हातात दिला आणि कसा टेकवायचा ते दाखवलं. ताईंनी स्वतः एका पोराला बांधला, मग दुसऱ्याला, मग तिसऱ्याला. आमच्या शेपटांशी त्यांची शेपटं जुळली. पहिल्या दिवशी त्या त्या पोराचं शेपूट किती होतं, त्याचे सुताचे तुकडे बाईंनी पोरांच्या नावानं जपून ठेवले होते. ते शेजारी धरले की कुणाला काही समजावून सांगायला लागत नव्हतं. 

शेवटी बिरूची पाळी आली. मायाक्का त्याला कडेवर घेऊन उभी होती आणि ओझ्यानं एका अंगाला कलली होती. ताईंनी सवयीप्रमाणं तिलाही तेच विचारलं, बाळ सुधारलं का? आम्ही तिघंही जागच्या जागी थांबलो. मायाक्कानं पदर बिरूच्या तोंडावर ओढला.

"कुटलं सुदारतंय बाई. वाळूनच चाललंय."

मग ती बाईंकडं वळली, पोराचा डावा दंड पुढं केला आणि खालच्या आवाजात म्हणाली,

"पुडच्या बारीला दोरा जरा लांब आणा की. ह्याला आता गाठ बसंना झालीया."

ताईंनी बिरूचा दंड हातात घेतला. शेपूट उरलंच नव्हतं, दोन्ही टोकं कशीबशी भेटत होती. त्यांनी मायाक्काला पुन्हा काही विचारलं नाही. डॉक्टरांना म्हणाल्या, सुकडी चालू राहील, आणि त्या दुसऱ्या गावालाही असे दोरे द्याल का. डॉक्टरांनी बाईंकडं बोट दाखवलं.  त्या पिशवीत हात घालून लडी शोधत होत्या आणि लडी तर त्यांच्या मांडीवरच पडली होती. मग माझी लोखंडी पट्टी मागून घेऊन त्या लिंबाच्या मुळीवर बसल्या आणि बिरूसाठी लांब दोरा कापू लागल्या.